मंदीच्या बाजारात घराचा हिशेब

मुंबईत १९९५ च्या सुमारास जागांच्या भावांनी जी उंची गाठली होती, ती पुन्हा दृष्टीस पडण्यासाठी पुढे जवळजवळ दहा वर्षे जावी लागली. मधल्या काळात दक्षिण मुंबईतील कित्येक भागांत भाव निम्म्याच्या आसपास उतरले होते. २०१३ नंतर आलेली मंदी निराळ्या प्रकृतीची होती. तीत भाव सरसकट कोसळले नाहीत. मुंबई-पुण्याच्या अनेक उपनगरांत ते वर्षानुवर्षे जागच्या जागी थिजून राहिले. तथापि महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर सात वर्षांत रुपयाची खरेदीशक्ती जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते. म्हणजे कागदावर जो भाव तसूभरही हललेला नाही, तो प्रत्यक्षात तेवढाच घसरलेला असतो. पहिल्या मंदीतला तोटा डोळ्यांना दिसला, दुसऱ्या मंदीतला दिसला नाही, इतकेच.

या दोन्ही मंद्यांत पगारदार माणसाच्या घरी एकच वाद रात्री उशिरापर्यंत चालत असे. जागा आता विकावी की भाव चढेपर्यंत थांबावे? नवी जागा आता घ्यावी की आणखी उतरू द्यावी? हा वाद मिटत नाही, कारण भाव पुढे काय होणार या प्रश्नावर तो उभा असतो आणि त्याचे उत्तर दलालापाशी नसते, बँकेपाशी नसते, तसेच अर्थशास्त्राच्या पदवीधरापाशीही नसते. २००१ ते २००३ या काळात ज्यांनी घरे घेतली, त्यांना पुढे दूरदृष्टीचे म्हणून नावाजण्यात आले. वस्तुत: त्यांपैकी बहुतेकांची लग्ने ठरली होती किंवा मुले मोठी झाली होती, म्हणून त्यांनी घरे घेतली. गृहकर्जाचा व्याजदर चौदा-पंधरा टक्क्यांवरून आठ टक्क्यांच्या आसपास नेमका त्याच वेळी आला, हा योगायोग होता.

भविष्यातला भाव ठाऊक नसला, तरी एक गोष्ट मात्र कागद-पेन्सिल घेऊन पाहता येते. बहुसंख्य पगारदार घर विकतात ते दुसरे घर घेण्यासाठी. अशा माणसाला विकायच्या घराचा भाव फारसा महत्त्वाचा नसतो, घ्यायच्या घराचाही नसतो. महत्त्वाचा असतो तो दोहोंतला फरक. सोयीसाठी असे धरू की, डोंबिवलीतील एका कारकुनाची एक खोली व स्वयंपाकघर एवढी जागा तेजीत पन्नास लाखांची होती आणि त्याच भागातील मोठी जागा ऐंशी लाखांची होती. मोठ्या जागेत जाण्यासाठी त्याला तेव्हा तीस लाख उभे करावे लागले असते. मंदीत दोन्ही भाव वीस टक्क्यांनी उतरले. त्याची जागा चाळीस लाखांवर आली, मोठी जागा चौसष्ट लाखांवर. आता त्याला चोवीस लाखच उभे करावयाचे आहेत. घरात मात्र सुतक पडल्यासारखे वातावरण असते, कारण सर्वांचे लक्ष आपल्या जागेच्या ‘बुडालेल्या’ दहा लाखांवर असते. समोरच्या जागेचे सोळा लाख उतरले आहेत आणि या व्यवहारात आपल्याला सहा लाखांचा लाभच होत आहे, हे कोणी मोजत नाही.  अर्थात भाव चढल्यावर विकू म्हणून हा कारकून थांबला, तर त्याच्या घराबरोबर मोठे घरही चढेल आणि फरक पुन्हा तीस लाखांवर जाईल. थांबून त्याने काय साधले?

असे असूनही माणसे थांबतात. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बॉस्टन शहरातील सदनिकांच्या १९९० नंतरच्या विक्रीव्यवहारांचा अभ्यास केला व तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी तेजीत चढ्या भावाने सदनिका घेतल्या होत्या, ते मंदीत इतरांपेक्षा चढा भाव सांगत होते. होणाऱ्या संभाव्य तोट्यापैकी पाव हिश्शापासून पस्तीस टक्क्यांपर्यंतचा भाग ते सांगितलेल्या किमतीत चढवीत. त्यांना काही प्रमाणात अधिक भाव मिळालाही. पण त्यांच्या सदनिका इतरांच्या मानाने अधिक काळ न विकता पडून राहिल्या. आपल्याकडे या वृत्तीला अभ्यासाचा पुरावा लागत नाही. ‘याच मजल्यावरची जागा पन्नासाला गेली होती’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा जागा शोधणारा मनुष्य विरळा. ती जागा पन्नासाला गेली त्याला चार वर्षे झाली, ही गोष्ट बोलणाऱ्याच्या लेखी गौण असते. आपण काय किंमत मोजली होती हे बाजार विचारीत नाही, शेजाऱ्याला काय मिळाले होते हेही विचारीत नाही.

येथे दुसरी बाजू मांडावयास हवी. वरचा हिशेब लहान घरातून मोठ्या घरात जाणाऱ्याचा आहे. मोठे घर विकून लहान घरात जाऊ पाहणाऱ्या निवृत्त शिक्षकाला तो उलटा लागू पडतो: दोन घरांतला फरक हीच त्याच्या म्हातारपणाची पुंजी असते आणि मंदीत ती आक्रसते. मुंबईची जागा विकून कोल्हापूरला किंवा रत्नागिरीला जाऊ इच्छिणाऱ्याचीही तीच गत, कारण मंदी सर्व गावांत सारख्या मापाने येत नाही. अशांनी थांबण्यात शहाणपणा असू शकतो, पण थांबणे फुकट नसते. चाळीस लाखांची जागा विकून आलेली रक्कम सात टक्क्यांनी ठेवीत ठेवली, तर वर्षाला दोन लाख ऐंशी हजार व्याज येईल. तीच जागा भाड्याने दिली, तर आपल्या महानगरांत किमतीच्या दोन-तीन टक्के, म्हणजे फार तर एक लाख वीस हजार हाती येतात आणि त्यांतून घरपट्टी व सोसायटीची वर्गणी जावयाची. थांबल्याचे चीज व्हावयाचे, तर भाव दरवर्षी चार टक्क्यांहून अधिक चढला पाहिजे. मंदीत तो चढत नाही म्हणूनच तर थांबावयाचे असते!

ज्याला विकण्यासारखे काहीच नाही, त्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. चौसष्ट लाखांच्या घराचे भाडे अडीच टक्क्यांनी महिना साडेतेरा हजारांच्या आत बसते. तेच घर घेण्यासाठी पन्नास लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढले, तर पहिल्या वर्षाचे नुसते व्याज सव्वाचार लाखांच्या घरात जाते, म्हणजे महिना सुमारे पस्तीस हजार. निव्वळ अंकगणिताने पाहिल्यास भाड्याने राहावे. परंतु अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी नव्या अनामतीची तजवीज आणि घरमालकाच्या लहरीसरशी मुलांच्या शाळा बदलणे, हे अंकगणितात येत नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे घरमालकांनी जो धसका घेतला, तो अकरा महिन्यांच्या करारात अजून जिवंत आहे. स्वत:चे घर घेणारा मनुष्य ‘येथून उठा’ असे कोणी म्हणणार नाही याची किंमत मोजत असतो. ती मोजण्यात वावगे काही नाही. फक्त ती महिना वीस हजारांहून अधिक आहे हे ठाऊक असावे आणि तिला गुंतवणूक म्हणू नये.

मंदीत हप्त्याचा विचार अधिक कठोरपणे केला पाहिजे, कारण घरे ज्या काळात स्वस्त होतात त्याच काळात नोकऱ्याही डळमळतात. शिवाय व्याजदर जेथे आहे तेथे राहत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य दराशी बांधण्यात आली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. वीस वर्षांच्या मुदतीचे पन्नास लाखांचे कर्ज सात टक्क्यांनी घेतले, तर हप्ता ३८,७६५ रुपये बसतो. दर साडेनऊ टक्के झाला की हप्ता ४६,६०७ रुपये होतो. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवू म्हटले, तर या कर्जाचे महिन्याचे व्याजच ३९,५८३ रुपये होते. जुना हप्ता व्याजालाही पुरत नाही. दर अडीच टक्क्यांनी चढला आणि घरातील एक पगार सहा महिने थांबला तर काय, हा प्रश्न जागा पाहावयास जाण्यापूर्वीच सोडवावयाचा असतो.

भाव आणखी पडेल या भीतीपेक्षा मंदीतला खरा धोका वेगळाच आहे. बिल्डरचे पैसे संपतात. ज्या सवलती मंदीत जाहीर होतात, त्यांपैकी पुष्कळशा रोकड आटल्यामुळे दिलेल्या असतात. २०१३ नंतरच्या मंदीत असंख्य कुटुंबे राहत्या घराचे भाडे आणि अर्धवट इमारतीचा हप्ता असा दुहेरी भार वर्षानुवर्षे वाहत होती. २०१६ चा स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णत: अमलात आला. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन त्याने घातले. हे मोठेच काम झाले. पण न विकलेल्या सदनिकांतून पैसा निर्माण करण्याची किमया कोणत्याही कायद्याला साधत नाही. रखडलेल्या प्रकल्पांसाठी केंद्र सरकारला नोव्हेंबर २०१९ मध्ये पंचवीस हजार कोटींचा निधी जाहीर करावा लागला, यावरून काय ते समजावे. मंदीत तयार जागाही घासाघीस करून मिळतात. एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरावर सामान्यत: पाच टक्के व परवडणाऱ्या घरावर एक टक्का वस्तू व सेवा कर आकारण्यात येऊ लागला, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो नव्हता. तेव्हा पगारदाराने मंदीत अर्धवट इमारतीत का गुंतावे?

भावाच्या तळाची वाट पाहणाऱ्यांनी २०२० चे वर्ष आठवावे. त्या वर्षी महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर ते डिसेंबरपर्यंत मुद्रांकशुल्क तीन टक्क्यांनी कमी केले. चौसष्ट लाखांच्या घरावर ही बचत एक लाख ब्याण्णव हजारांची होते. बाजार तेव्हाही तळाला होता की नव्हता यावर जाणकारांत वाद चालू होता. नोंदणी कचेरीत गेलेल्यांच्या पदरात मात्र ही बचत पडली.

राहिला क्रमाचा प्रश्न. तेजीत आधी घ्यावे व मग विकावे, कारण विकणे सोपे आणि मिळणे कठीण असते. मंदीत याच्या उलट करावे. नव्या जागेचा विसार देऊन बसलेल्या आणि जुनीला गिऱ्हाईक न मिळालेल्या माणसाला दोन घरांचे ओझे वाहावे लागते आणि अखेरीस पडेल त्या भावाला विकावे लागते. जुन्या घराच्या विक्रीवरील भांडवली नफ्याला आयकरातून सूट मिळण्यासाठी विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत नवे घर विकत घेतलेले चालते, त्यामुळे कायद्याची घाई नाही. गिऱ्हाईक ठरताना भावात थोडे सोडून ताबा सहा महिन्यांनी देण्याची अट मान्य करून घेता येते. मंदीत घेणाऱ्यालाही आपले जुने घर विकावयाचेच असते. बहुधा तोही ही अट आनंदाने मान्य करतो.