जेवण दिले, पुढे काय?

रमजानात हातकणंगले स्टेशनवर झोपणाऱ्यांना जेवणाची ददात नसते. ईद झाली की पाकिटे थांबतात. माणसे तिथेच राहतात. त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन तास द्यायचे आम्ही मोहल्ल्यातल्या काही जणांनी ठरवले, ते याचमुळे.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहातला प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. एक अन्सारी मागायला आले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्या घरातले जाडे कापड आणि कटोरा मागवून दोन दिरहमला विकला. एका दिरहमचे घरच्यांना अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड. तिला दांडा प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने बसवला. पंधरा दिवसांनी ते दहा दिरहम कमावून परतले. कुऱ्हाडीआधी अन्न आले, हा क्रम लक्षात घ्यावा.

आजची कुऱ्हाड म्हणजे आधार कार्ड. ते नसेल तर बँक खाते उघडणे अवघड, इचलकरंजीच्या मागावरही कुणी सहज ठेवून घेत नाही. आणि पत्ता नसेल तर आधार नाही! मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचा दाखला मात्र चालतो. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याची सोय धरली होती. आमचे गाव त्या हिशेबात बसत नाही. त्यामुळे माणूस तयार झाला की आमच्यापैकी एकजण त्याच्याबरोबर गाडीने कोल्हापूरला जातो, रांगेत उभा राहतो. एकट्याला खिडकीवरून हाकलतात, सोबत कुणी असले की निदान ऐकून घेतात.

काहींना स्वतःचे नावही सांगता येत नाही. त्यांना आधी उपचार हवेत. अशा माणसाला संरक्षण देणे हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांचे कर्तव्य आहे; म्हणून ठाण्यात कळवावे. कर्जतच्या 'श्रद्धा'चे डॉ. भरत वाटवानी अशांना बरे करून घरी पोचवतात. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला.

भगिनींनी विचारले, जकात चालेल का? सूरह तौबामधल्या आठ हक्कदारांत गरीब, कर्जदार आणि अडकलेला प्रवासीही आहे. तपशील आपल्या आलिमांना विचारावा. सदक्याला तर तीही अट नाही.

सध्या भाजी विकायला तयार असलेला एकजण आहे. हातगाडी मिळाली आहे, पण दोन चाके बदलायची आहेत. कुणाकडे जुनी पडून असतील तर जुम्याच्या नमाजनंतर आम्हाला भेटावे.