ईदीतून आणलेले गिनीपिग

ईदीचे पैसे हातात पडले की आमच्या वर्गातली मुले जनावर घेण्याचा बेत करू लागतात. पूर्वी ससे, कबुतरे असत. हल्ली गिनीपिग मागतात. घरात पहिला आक्षेप दादीचा येतो : ‘पिग’ आपल्या घरात कसा? तर हा नावाचाच घोळ आहे. डुकराशी याचे काही नाते नाही. हा उंदीर, खार, साळिंदर यांच्यासारखा कुरतडणारा प्राणी, मूळ दक्षिण अमेरिकेच्या अँडीज डोंगरांतला. दादीची समजूत निघेल. पण हा जीव पाच ते आठ वर्षे जगतो, तोवर त्याचे कोण करणार हे आधी ठरवा.

“टीचर, काल चांगला खेळत होता, आज मेला,” असे मुले सांगतात. काल तो चांगला नसतो. शिकार होणारा प्राणी आजार लपवतो, म्हणून आपल्याला उशिरा कळते. आणि आजाराचे कारण बहुधा खाण्यातच असते.

घरोघरी त्याला पाव, बिस्किट, दूध, नाहीतर कबुतराचे दाणे घालतात. हे त्याचे अन्नच नव्हे. बकरी आपल्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करते, गिनीपिगला ते जमत नाही. याबाबतीत तो आपल्यासारखा आहे. 1907 साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिक या संशोधकांना गिनीपिगमध्येच स्कर्व्ही हा रोग दिसला आणि त्या रोगाचा अभ्यास सोपा झाला. क जीवनसत्त्व मिळाले नाही तर काही आठवड्यांत सांधे सुजतात, तो हालचाल टाळतो, उचलले की ओरडतो. उपाय भाजीवाल्याकडेच आहे. रोज ढोबळी मिरचीचा पाव भाग आणि थोडी कोथिंबीर द्या. पाण्यात टाकायचे थेंब विकतात, पण पाण्यात ते जीवनसत्त्व लवकर नासते. कांदा, लसूण, बटाटा मुळीच देऊ नका.

बाकी पोट भरायचे ते सुक्या गवताने. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात, म्हणून गवत दिवसरात्र पुढे असावे. चाऱ्याच्या वखारीतून आणताना बुरशीचा वास येत नाही ना, हे पाहा. बोकडासाठी आणलेला लसूणघास मात्र रोज घालू नका. त्यात कॅल्शियम जास्त असते, मोठ्या गिनीपिगला मूतखडा होऊ शकतो. पिंजऱ्याचा तळ जाळीचा नको, पायांना जखमा होतात.

उन्हाचे आम्ही स्पष्टच सांगतो. तापमान 27 अंशांच्या वर गेले की त्याला त्रास सुरू होतो. ज्यांचे घर पत्र्याचे आहे आणि मे महिन्यात दुपारी आपल्यालाच बसवत नाही, त्यांनी हा प्राणी आणू नये. मुलाची समजूत काढावी. इतरांनी पिंजरा घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावा, बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवावी.

तो एकटा राहत नाही, दोन हवेत. पण दुकानदाराच्या ‘दोन्ही माद्याच आहेत’वर विसंबू नका, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. नर तीन-चार आठवड्यांतच वयात येतो. पहिले बाळंतपण सहा-सात महिन्यांच्या वयानंतर आले तर मादीच्या जिवाला धोका असतो.

आता त्या लपवलेल्या आजाराचे. दर जुम्याला मुलाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर गिनीपिगचे वजन करायला लावा आणि वहीत लिहायला लावा. मोठ्याचे वजन साधारण 700 ते 1200 ग्रॅम असते. आठवड्यात 50 ग्रॅम उतरले तर डॉक्टर गाठा. अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही तर जुम्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या. घरातल्या मुलांचे उरलेले अमॉक्सिसिलिनचे औषध त्याला हरगिज पाजू नका. त्याने पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि गिनीपिग दगावतो. डॉक्टर रोज कुत्री-मांजरे पाहणारे असतील तर त्यांनाही औषध लिहिण्याआधी हे विचारून घ्या.