सेवेच्या नावाखाली वेठ



गेल्या आठवड्यात आमच्या हाताखाली शिकून गेलेली एक कुंभाराची मुलगी आमच्या ओट्यावर येऊन बसली. तीन वर्षे ती एका समाजसेवी संस्थेत काम करते. पाच गावे पायी फिरून बचतगटांच्या बैठकी भरविणे व वह्या लिहिणे हे तिचे काम. पगारपत्रकावर ती १२,००० रुपयांपुढे सही करिते आणि त्यांतले ४,००० रुपये दर महिन्यास 'स्वेच्छेची देणगी' म्हणून संस्थेस परत देते. स्वेच्छा कोणाची, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "गुरुजी, पावती मिळते, पण नाही म्हणता येत नाही. एका बाईने म्हटले, तर एप्रिलात तिला नेमणुकीचे पत्रच आले नाही."

तीन वर्षांचे १,४४,००० रुपये झाले. बापाच्या घरावर नवे पत्रे पडले असते. ते पैसे संस्थेच्या अहवालात 'कार्यकर्त्यांचे योगदान' म्हणून छापून आले!

आम्हांस नवल वाटले नाही. शाळेची नोकरी लागण्यापूर्वी आम्हीही अशाच एका संस्थेत दीड वर्ष राबलो. तेथे पगारास पगार म्हणण्याची चोरी, म्हणावयाचे 'मानधन'. मान किती मिळे तो आम्हीच जाणतो, आणि धन वाण्याची उधारी फेडण्यासही पुरले नाही. रविवारी शिबिर, दिवाळीत पाहुण्यांची सरबराई, आणि त्यांच्यापुढे हात जोडून म्हणावयाचे, 'आम्ही सारे एक कुटुंब'. कुटुंब खरे, पण त्यात सासू एक आणि सुना चाळीस. हिशेब विचारला की उत्तर ठरलेले : 'तुमच्यात सेवाभाव नाही.'

संस्था चांगली कामे करितात, हे आम्ही नाकारीत नाही. पण सेवा ही आपली आपण द्यावयाची असते, दुसऱ्याच्या ताटातून काढावयाची नसते. चालकांनी स्वतः अर्धपोटी राहून सेवा करावी, आम्ही त्यांच्या पाया पडू. कुंभाराच्या पोरीचा घास काढून पुण्य आपल्या नावे मांडणे ही सेवा नव्हे, ही वेठ होय. आमच्या आजोबांकडूनही वेठ घेताना धर्म आणि पुण्यच सांगत असत. बलुतेदारास निदान सुगीत खळ्यावर हक्काची पेंढी तरी मिळे.

चालक म्हणतात, 'परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० साली शंभरात ५० वरून २० वर आणली; पगार कोठून द्यावा?' मर्यादा उतरली हे खरे. परंतु त्याच नियमांत असेही आहे की, संस्थेच्या उद्दिष्टासाठी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा पगार, जसा दवाखान्यातील डॉक्टरांचा वा शाळेतील शिक्षकांचा, प्रशासकीय खर्चात धरावयाचा नाही. मग गावोगाव फिरणाऱ्या पोरीवरच कात्री का? कचेरीतल्या मोटारीवर का नाही?

कायद्याचेही ऐका. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात 'उद्योग' या शब्दाचा अर्थ रुंद केला आणि पगारी माणसे लावून काम चालविणाऱ्या बऱ्याचशा धर्मादाय संस्था त्यात आल्या. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने मात्र पूर्णतः वा मुख्यत्वे धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी काम करणाऱ्या संस्था त्या व्याख्येतून वगळल्या, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. म्हणजे कारखान्यातून काढलेल्या मजुरास दाद मागण्याची जी वाट आहे, ती सेवेकऱ्यास बंद होऊ लागली. परोपकार करणाऱ्याच्या दारी न्याय कमी लागतो, असे सरकारास वाटले की काय?

वाट अरुंद झाली म्हणून बसून राहू नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. हातात येईल तेवढ्याच रकमेपुढे सही करा. नेमणुकीचे पत्र मागा. वीस माणसे कामावर असतील तेथे भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक मागा. दहा माणसे असतील तेथे स्त्रियांच्या छळाची तक्रार ऐकणारी समिती २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती कोठे आहे ते विचारा. सार्वजनिक विश्वस्त संस्थांस १९५० च्या कायद्याने आपले हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत द्यावे लागतात. ते हिशेब पाहावयास शिका. अक्षर-आकडा शिकलो तो कशासाठी?

आणि एकट्याने विचारू नका, दहाजणांनी मिळून विचारा. गिरणी कामगारांस १८९० साली रविवारची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी हजारो कामगारांस एकत्र आणिले म्हणून. मालकांस दया आली म्हणून नव्हे.

ती मुलगी उठताना म्हणाली, "गुरुजी, पुढच्या महिन्यात देणगी देणार नाही, असे आम्ही सहाजणींनी ठरविले आहे." आम्ही तिला अर्ज लिहून दिला नाही. कागद पुढे केला आणि म्हणालो, तूच लिही. तिने लिहिला. अक्षर सुरेख होते.