विश्वस्ताची खुर्ची व शिडाचे तारू

येथील एका वकीलबंधूंस किनाऱ्याकडील एका धर्मादाय संस्थेने आपल्या विश्वस्तमंडळावर येण्याचे निमंत्रण धाडले आहे. तरुण मुलामुलींस शिडाच्या नौकेवर काही दिवस ठेवून समुद्राचे शिक्षण द्यावे, हे त्या संस्थेचे कार्य. आणि मंडळावर विदर्भातील एखादा गृहस्थ असावा, ही तिच्या चालकांची इच्छा. हे वृत्त ऐकून आमच्या मित्रमंडळीत बरीच थट्टा झाली. कापसाच्या गाठी मोजणाऱ्या जिल्ह्याने शिडे कशाला मोजावी, असे एकाने विचारले. नांगर म्हटला की आम्हांस बैलजोडी आठवते, तो पाण्यात टाकण्याची बुद्धी आम्हांस कोठून होणार, असे दुसरा म्हणाला. थट्टा चांगली होती. परंतु तिने प्रश्न सुटत नाही. अशी निमंत्रणे हल्ली आमच्या गावातील वकील, डॉक्टर, प्राध्यापक व व्यापारी यांस वरचेवर येऊ लागली आहेत, म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणे देणे आम्हांस योग्य वाटते.

यवतमाळपासून दोन्ही बाजूंचा समुद्र पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, ही भूगोलाची गोष्ट कोणी नाकारीत नाही. पण १९३० साली मिठाचा कायदा मोडण्याची हाक आली तेव्हाही तो इतकाच दूर होता. म्हणून वऱ्हाड हात जोडून स्वस्थ बसले नाही. अकोल्याकडे दहिहांडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढण्यात आले. आणि आमच्या जिल्ह्यात त्याच वर्षीच्या १० जुलै रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदनजीक राखीव रानातील गवत कापून जंगलचा कायदा मोडला. ज्या चळवळीचा आरंभ समुद्रकाठी झाला, तिच्यात आपला वाटा उचलावयास समुद्र दाराशी असावा लागतो, असे त्या पिढीस वाटले नाही.

कोणी म्हणतील, ती राजकारणाची गोष्ट. नौका चालविणे हे कोकणच्या पोरांनी करावे. यास उत्तर तर्काने देण्याचे कारण नाही, प्रत्यक्षानेच ते मिळाले आहे. १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून 'तारिणी' नावाची नौका भारतीय नौदलाच्या सहा स्त्री अधिकाऱ्यांस घेऊन निघाली व पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी गोव्यास परत आली. या तुकडीच्या प्रमुख वर्तिका जोशी उत्तराखंडच्या. प्रतिभा जामवाल हिमाचलच्या. विजया देवी मणिपूरच्या. ज्यांच्या बाळपणी डोळ्यांपुढे डोंगर होते त्या मुलींनी शिडावर जगाचा फेरा पुरा केला. केळापूरच्या वा झरी-जामणीच्या मुलीस ते का साधू नये, याचे कारण तिच्या मनगटात नाही, ते अन्यत्र शोधले पाहिजे.

ते आम्ही सांगतो. पूर्वी समुद्रपर्यटनास धर्मशास्त्राच्या नावाने बंदी होती, आणि विलायतेहून परतलेल्या मनुष्यास पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त करावे लागे. ती सिंधुबंदी मेली. तिच्या जागी जी आली ती अधिक चिवट आहे, कारण तिचा कोणी पुरस्कार करीत नाही आणि म्हणून तिच्याशी कोणी भांडतही नाही. ती म्हणजे पैशाची व माहितीची बंदी. दहावी झालेल्या आमच्या शेतकऱ्याच्या पोरास दर्यावर पोट भरता येते हे एक तर ठाऊकच नसते. अथवा ठाऊक होते ते एखाद्या भामट्या दलालाच्या तोंडून, जो बोटीवरील नोकरीच्या नावाने बापाचे दोन एकर विकावयास लावतो. ज्या जिल्ह्याचे नाव देशभर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे वाचले जाते, तेथे पोटाचा एक नवा मार्ग माहीत होणे ही चैनीची गोष्ट नव्हे.

आणि असे मार्ग आपोआप उघडत नसतात. इंग्रजी अमदानीत हिंदी तरुणास व्यापारी जहाजावरील अधिकारी होण्याचे शिक्षण या देशात मिळण्याची सोयच नव्हती. कायदेमंडळात सर शिवस्वामी अय्यर यांच्यासारख्यांनी हा प्रश्न लावून धरला, १९२३ साली समिती बसली, तिने शिक्षणनौकेची शिफारस केली, आणि १९२७ साली मुंबईच्या बंदरात 'डफरिन' हे जुने सैन्यवाहू जहाज शाळा होऊन उभे राहिले. त्याच्या पहिल्याच तुकडीतील रामदास कटारी १९५८ साली भारतीय नौदलाचे पहिले हिंदी प्रमुख झाले. पुढे १९७२ साली 'डफरिन'ची जागा 'राजेंद्र'ने घेतली. ज्यांनी सभागृहात व समितीत बसून हे घडविले, त्यांतील बहुतेकांनी सुकाणूस कधी हातही लावला नसेल. तेव्हा आमच्या वकीलबंधूंस पोहता येत नाही हा त्यांचा आक्षेप आम्ही अमान्य करितो. मंडळावर त्यांनी जावे.

यंत्राच्या युगात शीड शिकवून काय मिळणार, हा प्रश्न मात्र रास्त आहे. याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात एका जहाजमालकाने दिले. जहाज बुडाल्यावर होडक्यात बसलेल्या खलाशांपैकी तरणी पोरे आधी धीर सोडतात व वयस्क मंडळी तग धरतात, असे लॉरेन्स होल्ट यांच्या पाहण्यात आले. आणि शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या साहाय्याने १९४१ साली वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे त्यांनी तरुणांसाठी शाळा काढली. शिडाच्या नौकेवर वारा कोणाचे ऐकत नाही. दोर चौघांनी मिळून ओढला नाही तर शीड चढत नाही. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर डुलकी घेणाऱ्यामुळे सर्वांचाच जीव धोक्यात येतो. आमच्या घरी ज्या पोरास पाण्याचा पेलाही आई हातात आणून देते, त्यास हे शिक्षण कोणत्या पुस्तकातून द्यावे? आमच्या नौदलानेही हे ओळखूनच 'तरंगिणी' हे तीन डोलकाठ्यांचे शिक्षणतारू १९९७ साली सेवेत घेतले. दिलीप दोंदे यांनी ज्या 'म्हादेई'तून २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे करणारे ते पहिले भारतीय, ती नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली होती, हेही येथे नमूद करावेसे वाटते; कारण विलायती मालाशिवाय दर्यावर पाऊल पडत नाही अशी आमच्यातील कित्येकांची अजून समजूत आहे.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. मंडळावर जावे, असे आम्ही म्हटले, पण कशासाठी? आमच्याकडे सार्वजनिक संस्थेचा विश्वस्त म्हणजे पत्रकाच्या माथ्यावर छापावयाचे नाव, वार्षिक समारंभातील पहिल्या रांगेची खुर्ची व एक नारळ. बैठकीची सूचना येते ती फाटते. इतिवृत्त चिटणीस लिहितो, आणि त्यावर मागाहून घरी येऊन सह्या नेतो. वकिलीच्या धंद्यात आम्ही अशी इतिवृत्ते पाहिली आहेत की, ज्यांत हजर म्हणून नोंदलेले गृहस्थ त्या दिवशी काशीस होते. कायदा मात्र विश्वस्तास नारळ घेणारा पाहुणा समजत नाही. १९५० सालचा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा स्पष्ट सांगतो की, सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या व्यवहारात जी दक्षता घेतो ती विश्वस्ताने घेतली पाहिजे. विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयास कळविले पाहिजे. हिशेब ठेवून तपासून घेतले पाहिजेत. आणि संस्थेच्या नावे कर्ज काढावयाचे तर आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी हवी. नौका ही किमती व सदैव खर्च मागणारी वस्तू आहे. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते, शीड फाटते, दोर कुजतो. देणगी देणाऱ्यास नव्या नौकेच्या कोनशिलेवर नाव हवे असते. जुन्या नौकेचा दोर बदलण्यास कोणी देणगी देत नाही. पैशाची ओढाताण सुरू झाली की प्रथम कात्री लागते ती याच न दिसणाऱ्या खर्चास, आणि त्याच क्षणी विश्वस्ताने टेबलावर हात आपटावयाचा असतो.

तो न आपटल्यास काय होते? 'पामीर' हे चार डोलकाठ्यांचे प्रचंड जर्मन तारू शिकाऊ मुलांस घेऊन मालाची ने-आण करीत असे. १९५० नंतरच्या काळात चाळीस जहाजकंपन्यांनी मिळून एक धर्मादाय निधी स्थापिला व ते त्याच्या ताब्यात दिले. मालाच्या भाड्यातून शिक्षणाचा खर्च निघावा, ही योजना. १९५७ साली ब्युनोस आयर्सहून हांबुर्गकडे येताना त्यात सुटे जव भरले होते. २१ सप्टेंबर रोजी वादळात ते जव एका बाजूस सरकले व तारू कलंडले. ८६ जण होते, ६ वाचले. मेलेल्यांत बहुतेक शिकाऊ पोरे होती. चौकशीत माल भरण्याच्या पद्धतीवर ठपका आला. त्या निधीचे चालक दुष्ट होते असे कोणीच म्हणणार नाही. ते प्रतिष्ठित होते, सद्धेतूचे होते.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडाल्या. होडीत माणसे प्रमाणाबाहेर होती आणि पुष्कळ मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. आमच्या वर्धा नदीच्याच पात्रात, वरुड तालुक्यात झुंज येथे, १४ सप्टेंबर २०२१ रोजी होडी उलटून ११ माणसे गेली. प्रत्येक वेळी चौकशी होते, होडीवाल्यास धरतात, आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. होडीवाल्यास जाकिटांचे पैसे कोणी मंजूर केले होते काय, हे विचारीत कोणी नाही.

म्हणून आमचा सल्ला असा की, होकार देण्यापूर्वी मागील तीन वर्षांचे तपासलेले हिशेब मागवावे. नौकेचा व मुलांचा विमा आहे काय, शेवटची तपासणी कोणी व केव्हा केली, मुली जातात त्या फेरीवर स्त्री शिक्षक असते काय, मुलांशी गैरवर्तन झाल्यास तक्रार कोणाकडे जाते, हे लेखी विचारावे. असे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे, ही आमच्यातील खानदानी समजूत एकदाची टाकून द्यावी. चांगल्या संस्थेस या प्रश्नांचा राग येत नाही. ज्या संस्थेस राग येईल तिच्या चालकांस नमस्कार करून मोकळे व्हावे.

दुसरी गोष्ट जागांची. शिबिरासाठी निवड होते तेव्हा विश्वस्तांच्या भाच्यांची व देणगीदारांच्या नातवांची वर्णी आधी लागते, आणि मागे उरलेल्या जागा 'गरीब व होतकरू' यांस मिळतात, हा आमच्या संस्थांचा जुना शिरस्ता आहे. आमच्या वकीलबंधूंनी जाताच ठराव मांडावा की, ठराविक जागा समुद्र न पाहिलेल्या जिल्ह्यांतील जिल्हा परिषदेच्या व आश्रमशाळांच्या मुलांसाठी राहतील, त्यांचा प्रवासखर्च संस्था देईल, आणि पालकांची संमती ज्या कागदावर घ्यावयाची तो कागद इंग्रजीत नसून मराठीत, व कोलाम किंवा गोंड घरी तोंडी समजावून, दिला जाईल. अंगठा उठविणाऱ्या बापासही आपले पोर कोठे जात आहे हे जाणण्याचा वकिलाइतकाच हक्क आहे. ठराव फेटाळला गेला तर विरोधी मत इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, व ते इतिवृत्त स्वतः वाचून मगच सही करावी.

परंतु ज्या पोरास पोहता येत नाही त्यास एकदम समुद्रावर धाडणे हा मूर्खपणा होईल, आणि आमच्या बहुतेक पोरांस पोहता येत नाही. शेततळी झाली, बेंबळा, अरुणावती व पूस यांची धरणे झाली, पाणी वाढले. पोहणे वाढले नाही, आणि दर उन्हाळ्यात कोठे ना कोठे पोर बुडाल्याची बातमी आम्हांस छापावी लागते. पाणी जाणणारी माणसे मात्र आमच्यात पिढ्यानपिढ्या आहेत. भोई व ढीवर मंडळी डोंगा वल्हवितात, जाळे टाकतात, आणि बुडालेल्याचे प्रेत काढावयाचे असले की फौजदारापासून तहसीलदारापर्यंत सर्वांस त्यांचीच आठवण होते. प्रेत बाहेर आले की त्यांस चहा पाजून वाटेस लावतात. त्यांच्या या विद्येस विद्या म्हणण्याची आमची तयारी नाही, कारण ती खालच्या म्हटल्या गेलेल्या जातीच्या अंगी आहे. तीच विद्या एखाद्या साहेबाने क्लबात शिकविली असती तर आम्ही फी भरून शिकलो असतो.

किनाऱ्यावरील संस्थेस यवतमाळातून खरोखर काही करावयाचे असेल तर तिने समुद्रावर नेण्याच्या आधीचे तीन महिने येथील तलावावर खर्चावे: काठालगत उथळ जागा आखून, अंगावर जाकीट घालून, मुलामुलींस पोहणे व वल्हे मारणे शिकवावे, आणि शिक्षक म्हणून याच भोई-ढीवर मंडळींस नेमावे. प्रथमोपचाराचे व बुडत्यास वाचविण्याच्या आधुनिक रीतीचे शिक्षण त्यांस संस्थेने द्यावे, आणि पगार बक्षीस म्हणून न देता महिन्याच्या महिन्यास, हजेरीपटावर सही घेऊन द्यावा. ही रक्कम पहिल्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळ्या कलमाखाली दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर ते कलम घालावयास लावणे, हे मंडळावरील यवतमाळच्या सभासदाचे पहिल्या बैठकीतील काम होय.