दुपारी घरात बसा म्हणे!

हवामान खात्याचा अंदाज आलाय: पालघर, ठाणे, रायगडला उष्ण, दमट हवा, दुपारी 12 ते 3 उन्हात जाऊ नका. अंदाज खोटा नाही. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग निवत नाही. म्हणून किनारपट्टीत 37 अंशांपासूनच उष्णतेची लाट धरतात.

पण वीटभट्टीवर, रोजगार हमीवर बसायचं कसं? मजुरी मोजमापावर! थांबलं की पैसे कमी. कामावर सावली, पाणी, औषधपेटी हा कायद्यातला हक्क आहे, मेहरबानी नाही.

आंब्या-जांभळाचं रान तोडून साग लावला. साग उन्हाळ्यात उघडा. आता आम्हांलाच सावलीत बसा म्हणतात!

ग्रामसभेत ठराव करा: काम सकाळी 6 ते 11, मोजमाप कमी, मजुरी पूर्ण, सामूहिक वनहक्क दावे मंजूर करा. ठराव तहसीलला द्या, पोच घ्या. जिंदाबाद!