घोषणा राज्याची, तूट महापालिकेची! शहरे आणि गावांचा पैसा नेमका अडतो कुठे?

राज्यातील २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि प्रशासकांच्या लांबलेल्या कारभारानंतर नगरसेवक सभागृहात परतले. मुंबईत तर मार्च २०२२ पासून सभागृहच अस्तित्वात नव्हते. खड्डे, पाणी, कचरा यांचा जाब विचारायला लोकांना पुन्हा हक्काचा माणूस मिळाला. मात्र ही कामे ज्या पैशांतून होतात, त्याचा मोठा भाग महापालिकेत ठरतच नाही. तो मंत्रालयात ठरतो.

हक्काचे उत्पन्न गेले कसे?

एकेकाळी जकात हा शहरांचा कणा होता. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. महापालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, राजकीय पक्षांनी आश्वासने दिली आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. मुंबईची जकात तेवढी टिकली. तीही १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर (जीएसटी) येताच संपली.

जकात हा काही चांगला कर नव्हता. नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा आणि तिथली चिरीमिरी कोणाला आठवत नाही? पण ती रोज रोखीने तिजोरीत पडत असे आणि त्यासाठी आयुक्तांना मंत्रालयाकडे डोळे लावून बसावे लागत नसे.

भरपाई मिळते, मग तक्रार कसली?

जीएसटीसोबतच राज्याने महापालिकांना भरपाई देण्याचा स्वतंत्र कायदा २०१७ मध्ये केला. २०१६-१७ हे आधारभूत वर्ष धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने रक्कम द्यायची, असे त्याचे सूत्र. जुलै २०१७ मध्ये मुंबईला महिन्याला सुमारे ६४७ कोटी रुपये मिळू लागले. २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटींच्या अर्थसंकल्पात याच भरपाईपोटी सुमारे १४,३९८ कोटी अपेक्षित धरले होते. म्हणजे देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेचाही जवळपास पाचवा हिस्सा राज्याकडून येतो. लहान महापालिकांचे अवलंबित्व किती असेल, याचा अंदाज यावरून बांधता येईल.

सूत्र कायद्यात आहे, ही जमेची बाजू. केंद्राने राज्यांना १४ टक्के वाढीच्या हमीने दिलेली भरपाई जून २०२२ मध्ये थांबली, तरी राज्याची महापालिकांबाबतची जबाबदारी संपली नाही, हेही नोंदवायला हवे. खरी अडचण सूत्राच्या आतच आहे. शहरात नवे उद्योग आले, बाजारपेठ दुप्पट झाली, तरी वाढ ८ टक्केच. वाढत्या शहराचा भार रस्ते, गटारे आणि पाणीपुरवठ्यावर लगेच पडतो; वाढत्या व्यापाराचा कर मात्र महापालिकेकडे येत नाही. शिवाय हे सूत्र जुन्या महापालिकांना समोर ठेवून आखलेले. इचलकरंजी २०२२ मध्ये आणि जालना २०२३ मध्ये महापालिका झाली. दर्जा मिळाला, कर्तव्ये वाढली, पण परताव्यासाठी दोन्ही शहरांना मागणी आणि पाठपुराव्याच्या फेऱ्या माराव्या लागल्या.

सवलत नेमकी कोणाच्या खिशातून?

जकात गेल्यावर मालमत्ता कर हाच मोठा आधार उरला. त्याच्या चाव्याही राज्याकडेच आहेत. मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला. घोषणा मुख्यमंत्र्यांची, बुडालेला महसूल मुख्यत्वे महापालिकेचा. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकांना महापालिकेच्याच १९७० च्या ठरावाने ४० टक्के सवलत होती. ती राज्याच्या निर्णयाने गेली, थकबाकीच्या बिलांनी लोक हैराण झाले आणि २०२३ मध्ये ती पुन्हा राज्याच्याच निर्णयाने परतली. दोन्ही वेळा पुण्याचा कर पुण्यात ठरला नाही.

छोट्या घरांत राहणाऱ्यांना दिलासा देण्यात गैर काही नाही. पण दिलाशाचे श्रेय ज्याचे, त्यानेच त्याचा खर्चही उचलावा, इतका साधा हिशेब इथे पाळला जात नाही. विधिमंडळात मांडलेल्या अर्थसंकल्पात ही तूट दिसत नाही. ती दिसते डांबरीकरण पुढे ढकललेल्या रस्त्यावर आणि कंत्राटी सफाई कामगाराच्या रखडलेल्या पगारात.

गावांचे काय?

ग्रामपंचायतींचा मुख्य आधार म्हणजे केंद्रीय वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या आयोगाच्या निधीतील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली; उरलेल्या ४० टक्क्यांत गावाने आपल्या गरजा भागवायच्या. त्यातही २०२१ मध्ये पथदिव्यांची थकीत वीजबिले याच निधीतून भरण्याचे आदेश निघाले. दिवे तोडलेली गावे अंधारात आणि सरपंच आंदोलनात, असे चित्र तेव्हा अनेक जिल्ह्यांत दिसले. वीजबिलाची वसुली झाली. पण गावाने आराखड्यात धरलेली शाळेची दुरुस्ती मागे पडली, तर त्याला जबाबदार कोण?

जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची गोष्ट वेगळीच. लोकनियुक्त मंडळ नसेल तर आयोगाचा निधी नाही, अशी अट आहे. निवडणुका लांबल्या आणि त्यांच्या वाट्याचा प्रत्येकी १० टक्के निधी अडला. निवडणूक न घेण्यात मतदारांचा काहीच दोष नव्हता.

राज्यघटनेत उपाय नाही का?

आहे, पण अर्धा. ७४ व्या दुरुस्तीने शहरांसाठी १८ विषयांची बारावी अनुसूची दिली, मात्र करांची स्वतंत्र यादी दिली नाही. कोणता कर द्यायचा हे राज्य विधिमंडळानेच ठरवायचे. तोल साधण्यासाठी दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याची तरतूद आहे. आयोगाच्या शिफारशींवर काय केले, याचा अहवाल विधिमंडळात ठेवावा लागतो. पण त्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत आणि त्यांच्यावरील चर्चेची बातमी क्वचितच होते. करमाफीच्या प्रत्येक निर्णयासोबत स्थानिक संस्थेची किती तूट होणार आणि ती राज्याच्या कोणत्या लेखाशीर्षातून भरली जाणार, हे छापील स्वरूपात सांगण्याची सक्ती झाली, तरी बरेच काही बदलेल.

तोवर नव्या नगरसेवकांनी आपल्या महापालिकेच्या अर्थसंकल्पाचे जमा बाजूचे पान उघडावे आणि त्यातील किती रक्कम स्वतःची, किती वरून येणारी, हे पहिल्याच सभेत आयुक्तांना विचारावे. राज्याने माफ केलेल्या करांची आजवरची बेरीजही त्याच सभेत मागता येईल.