दह्याचे मडके आणि व्हेंटिलेटरची नळी

कोलकात्यातील एस्प्लनेडच्या मिठाईच्या दुकानांत मातीच्या मडक्यातील मिष्टी दोई मिळते. तेथून मेट्रोने उत्तरेकडे दोन स्थानके गेले की १८३५ साली स्थापन झालेले मेडिकल कॉलेज येते. हे अंतर पायीही फारसे नाही. मात्र ‘दह्यातील जिवाणू हितकारक असतात’ या विधानापासून ‘प्रोबायोटिकमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णाचा न्यूमोनिया टळतो’ या विधानापर्यंतचे अंतर फार मोठे आहे, आणि विज्ञानवार्ता ते एका मथळ्यात ओलांडतात. या उडीला आक्षेप घेणे भाग आहे. कारण तिच्या दुसऱ्या टोकाला शुद्ध हरपलेला, होकार वा नकारही देऊ न शकणारा रुग्ण असतो.

प्रोबायोटिक हे कोणत्याही एका औषधाचे नाव नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००१ साली केलेल्या व्याख्येनुसार, पुरेशा प्रमाणात दिले असता आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. म्हणजे लाभ आधी सिद्ध व्हावा लागतो, आणि तोही विशिष्ट वाणाचा, विशिष्ट मात्रेत, विशिष्ट आजारात.

असा लाभ कसा सिद्ध करतात, याचे उत्तम उदाहरण कोलकात्यातच घडले. तेथील राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेच्या संशोधकांनी शहरातील वस्तीत राहणाऱ्या, एक ते पाच वर्षे वयाच्या ३,७५८ मुलांना दोन गटांत विभागून बारा आठवडे पेय दिले. एका गटाच्या पेयात ‘लॅक्टोबॅसिलस केसी शिरोटा’ हा वाण होता, दुसऱ्याच्या पेयात नव्हता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटातील ६०८ मुलांना अतिसार झाला, दुसऱ्यातील ६७४ मुलांना. संरक्षण सुमारे १४ टक्के. लाभ माफक, पण प्रामाणिकपणे मोजलेला. तो चालत्याफिरत्या मुलांच्या आतड्यांविषयी काही सांगतो. अतिदक्षता विभागातील फुफ्फुसांविषयी तो काहीही सांगत नाही.

व्हेंटिलेटरवरील न्यूमोनियाची वाट निराळी आहे. श्वासनलिकेत नळी घातली की घशाचे नैसर्गिक दार उघडेच राहते आणि गुंगीच्या औषधांनी खोकला दबतो. तोंडातील स्राव नळीभोवतीच्या फुग्यावर साचतो आणि थेंबाथेंबाने खाली झिरपतो. नळीच्या आतल्या पृष्ठभागावर जिवाणूंचा चिकट थर धरतो. भारतातील अतिदक्षता विभागांत हे जिवाणू प्रामुख्याने अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि स्यूडोमोनास असतात, आणि त्यांतील अनेकांवर कार्बापेनेमसारखी राखून ठेवलेली प्रतिजैविकेही चालत नाहीत. काचेच्या बशीत लॅक्टोबॅसिलसचे आम्ल अशा जिवाणूंची वाढ रोखू शकते. परंतु बशीत खोकला नसतो, नळी नसते, आणि प्रतिजैविकांचा माराही नसतो, ज्यात पोटात सोडलेला लॅक्टोबॅसिलस स्वतःच मरू शकतो.

तरीही आशा होती, आणि ती अकारण नव्हती. २०१० साली अमेरिकेतील एका चाचणीत ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी’ दिलेल्या गटात न्यूमोनियाचे प्रमाण १९.१ टक्के आढळले, तर निष्क्रिय भुकटी दिलेल्या गटात ४० टक्के. मथळ्यासाठी याहून मोहक आकडे कोणते? पण विश्लेषणात रुग्ण होते १३८, आणि दोन गटांतील फरक होता पंधरा माणसांचा. पुढे कॅनडा, अमेरिका आणि सौदी अरेबियातील ४४ अतिदक्षता विभागांत त्याच वाणाची चाचणी २,६५० रुग्णांवर झाली. २०२१ साली निष्कर्ष आले: प्रोबायोटिक गटात न्यूमोनिया २१.९ टक्के, निष्क्रिय गटात २१.३ टक्के. नमुना वाढला आणि फरक विरून गेला. मोजमापाचा पहिला धडा हाच असतो, आणि विज्ञानाच्या बातम्या तोच सर्वांत आधी विसरतात.

‘उपयोग नसेल, पण अपाय तर नाही ना?’ हा युक्तिवाद येथे हमखास येतो. अपाय आहे. त्याच चाचणीत प्रोबायोटिक गटातील १५ रुग्णांच्या शरीरात हाच वाण संसर्गजन्य ठरला. निष्क्रिय गटात असा रुग्ण एकच होता. बोस्टनच्या एका बालरुग्णालयातील अतिदक्षता विभागात हे प्रोबायोटिक मिळालेल्या ५२२ रुग्णांपैकी सहा जणांच्या रक्तात लॅक्टोबॅसिलस शिरला. न मिळालेल्या २१,६५२ रुग्णांत असे दोनच होते. जनुकीय तपासणीत त्या सहा जणांच्या रक्तातील जिवाणू कॅप्सूलमधील जिवाणूंचेच वंशज निघाले. निरोगी माणसाच्या आतड्यातला पाहुणा दुर्बल रुग्णाच्या रक्तात पाहुणा राहत नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे: प्रतिजैविके हरत असताना भारतासारख्या देशाने स्वस्त उपाय का नाकारावा? नाकारू नये, पण स्वस्त उपाय दुसराच आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, १५ चाचण्यांतील १०,७४२ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात रोज ब्रशने दात घासलेल्या रुग्णांत रुग्णालयात होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला, आणि हा लाभ मुख्यतः व्हेंटिलेटरवरील रुग्णांना झाला. अतिदक्षता विभागातील मृत्यूही घटले. त्याच्या जोडीला हात धुणे, खाटेची डोक्याकडील बाजू उंच ठेवणे, गुंगी रोज कमी करून रुग्ण स्वतः श्वास घेतो का हे पाहणे. यांपैकी कशालाही मथळा मिळत नाही, कारण यात विकण्याजोगी बाटली नाही. यात लागतात परिचारिका, त्यांचा वेळ आणि त्यांच्यावर सोपवलेल्या रुग्णांची मर्यादित संख्या. सरकारी रुग्णालयांत तुटवडा आहे तो नेमका याचाच.

म्हणून ‘प्रोबायोटिक न्यूमोनियावर प्रभावी’ अशी पुढची बातमी वाचताना विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत. वाण कोणता? रुग्ण कोण आणि किती? रक्तात जिवाणू शिरल्याची नोंद कोणी ठेवली होती का? उत्तरे बातमीत नसतील, तर ती पुढे पाठवू नये. आणि पत्रकारांनी एखाद्या सरकारी अतिदक्षता विभागात जाऊन रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, एवढे मोजून छापावे.